जनुकाला गप्प बसवणारे इंजेक्शन: ते काय करते आणि त्याचे बिल कसे वाचावे

कोलेस्टेरॉल हा शब्द आता आपल्या घरांत मराठीच झाला आहे. पन्नाशीच्या पुढची चार मंडळी जेवायला एकत्र आली की "तुमचे एलडीएल किती?" हा प्रश्न श्रीखंडाच्या वाटीबरोबरच निघतो. गेल्या काही वर्षांत या गप्पांमध्ये एका नव्या विषयाची भर पडली आहे, तो म्हणजे वर्षातून दोनदा घ्यायचे इंजेक्शन. त्याबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणजे, "हे औषध आपली जीन्स बदलते, त्याच्या वाटेला जाऊ नका." दुसरे म्हणजे, "आता रोजच्या गोळीची कटकट संपली." ही दोन्ही मते चुकीची आहेत, आणि दोन्हींमुळे नुकसान होऊ शकते. पहिल्यामुळे ज्याला गरज आहे तो माणूस औषध नाकारतो, आणि दुसऱ्यामुळे चालू असलेली गोळी परस्पर बंद होते.

सुरुवातीलाच खुलासा करतो की मी डॉक्टर नाही. शिक्षणाने अभियंता आणि पेशाने संगणकाच्या आज्ञावली लिहिणारा आहे. पण हे औषध म्हणजे अक्षरांनी लिहिलेली एक छोटी आज्ञाच आहे, त्यामुळे मला त्यात रस वाटला. जे वाचले आणि समजले ते सोप्या भाषेत मांडतो.

मूळ दप्तर आणि नक्कल

आपल्या गावाकडे जमिनीचे मूळ दप्तर तलाठ्याच्या कचेरीत असते. बँकेत किंवा कोर्टात आपण नेतो तो त्याचा उतारा, म्हणजे नक्कल. पेशीचेही असेच आहे. डीएनए हे मूळ दप्तर पेशीच्या केंद्रात जपून ठेवलेले असते. एखादे प्रथिन बनवायचे झाले की त्या प्रथिनाच्या जनुकाची नक्कल काढली जाते. ही नक्कल म्हणजे निरोप्या आरएनए. ती केंद्राबाहेर येते, तिथली यंत्रणा ती वाचते आणि त्याबरहुकूम प्रथिन तयार करते.

आपण ज्या औषधांबद्दल बोलत आहोत ती दप्तराला हात लावत नाहीत. ती बाहेर आलेली नक्कल गाठून फाडतात. नक्कल नाही म्हणजे प्रथिन नाही. जनुक जागच्या जागी शाबूत राहते, फक्त त्याचा आवाज बाहेर पोचत नाही. म्हणूनच याला 'जनुक गप्प करणे' म्हणतात.

नेमकी हवी तीच नक्कल औषधाला कशी सापडते? आरएनएची वर्णमाला फक्त चार अक्षरांची आहे, आणि अक्षरांच्या जोड्या ठरलेल्या आहेत: ए ची यू बरोबर, जी ची सी बरोबर. त्यामुळे एखाद्या नकलेतल्या वीसएक अक्षरांच्या बरोबर उलट जोडीची पट्टी तयार केली, तर ती पट्टी त्या जागी कुलपात किल्ली बसावी तशी बसते.

ही कल्पना बरीच जुनी आहे. १९७८ साली हार्वर्डमधील पॉल झामेक्निक आणि मेरी स्टीफन्सन यांनी १३ अक्षरांची अशी एक पट्टी वापरून कोंबडीच्या पेशींमध्ये एका विषाणूची वाढ रोखून दाखवली. पुढे १९९८ साली अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एका सूक्ष्म कृमीवर प्रयोग करून दाखवले की दुपदरी आरएनए पेशीत गेला, तर पेशी स्वतःच त्याच्याशी जुळणाऱ्या नकला नष्ट करते. म्हणजे नक्कल फाडणारी कात्री पेशीपाशी आधीपासून आहे, आपण फक्त पत्ता द्यायचा. या शोधाला २००६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

वीसएकच अक्षरे का?

हा प्रश्न मला सर्वांत आवडला, कारण त्याचे उत्तर शाळेच्या गणितात आहे. चार अक्षरांतून १६ अक्षरी शब्द किती बनतात? चारचा सोळावा घात, म्हणजे सुमारे ४२९ कोटी. माणसाच्या डीएनएमध्ये अक्षरे आहेत सुमारे ३०० कोटी. म्हणजे १६ अक्षरी शब्द कुठेतरी योगायोगाने दुसऱ्यांदा सापडण्याची शक्यता बरीच आहे. तोच शब्द २१ अक्षरी केला तर प्रकार होतात सुमारे ४ लाख ४० हजार कोटी. आता चुकीच्या जागी तंतोतंत जुळण्याची भीती फारच कमी.

पण एक मेख आहे. पेशीची कात्री नक्कल ओळखताना सुरुवातीच्या सात-आठ अक्षरांवर जास्त भर देते. सात अक्षरी शब्द फक्त १६,३८४ होतात, आणि ते शेकडो नकलांमध्ये आढळतात. त्यामुळे अर्धवट जुळणी होऊन भलतीच नक्कल दबण्याचा धोका राहतो. औषध शोधणाऱ्यांना आधी संगणकावर अशा जुळण्या तपासून पट्टी निवडावी लागते आणि मग प्रयोगशाळेत खात्री करावी लागते.

कल्पना सोपी, रसायन अवघड

कल्पना १९७८ सालची, तर मग औषधे घरोघरी यायला इतकी वर्षे का लागली? कारण साधा आरएनए टोचला तर रक्तातली विकरे काही मिनिटांत त्याचा भुगा करतात. शिवाय परका दुपदरी आरएनए दिसला की शरीराला वाटते विषाणूच शिरला, आणि ते धोक्याची घंटा वाजवते. त्यातून वाचलेला आरएनए नको त्या अवयवात जातो किंवा मूत्रावाटे निघून जातो. खरी लढाई या तीन अडचणींशी होती, आणि ती लढली रसायनशास्त्रज्ञांनी.

पहिला उपाय कण्याचा. अक्षरांना जोडणाऱ्या कण्यात फॉस्फेट असते. त्यातला प्राणवायूचा एक अणू काढून तिथे गंधकाचा अणू बसवला, तर विकरांना तो जोड सहजासहजी तोडता येत नाही. दुसरा उपाय साखरेचा. आरएनएच्या प्रत्येक अक्षरामागे रायबोज नावाची साखर असते आणि तिच्या दुसऱ्या क्रमांकाच्या कार्बनवर एक हायड्रॉक्सिल गट असतो. आरएनए नाजूक आहे तो मुख्यतः या गटामुळे. त्या जागी फ्लोरिन किंवा मिथॉक्सी गट बसवला की पट्टी टिकाऊ होते आणि शरीराची धोक्याची घंटाही पुष्कळशी शांत राहते. हे बदल अक्षरांत नसून अक्षरे ज्यावर बसली आहेत त्या चौकटीत आहेत. त्यामुळे मजकूर तोच राहतो, फक्त कागद चिवट होतो.

तिसरा उपाय पत्त्याचा. यकृताच्या पेशींच्या पृष्ठभागावर एका विशिष्ट साखरेला पकडणारे ग्राहक लाखोंच्या संख्येने असतात. त्या साखरेचे लघुनाव गॅलनॅक. औषधाच्या टोकाला गॅलनॅकचा तीन दाण्यांचा झुबका जोडला की यकृत ते टपालासारखे ओढून घेते.

या उपायांनी फरक किती पडला, ते दोन औषधांवरून दिसते. २०१३ साली अमेरिकेत मंजूर झालेले मायपोमर्सेन हे आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉलवरचे औषध दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टोचावे लागे. त्याला गॅलनॅकचा पत्ता नव्हता, यकृताला इजा होण्याचा ठळक इशारा त्याच्या वेष्टनावर होता, आणि पुढे ते बाजारातून गेले. आजच्या इन्क्लिसिरान या औषधाचा डोस २८४ मिलिग्रॅम आहे, आणि तो पुरतो सहा महिने. दोघांची जनुके वेगळी आहेत, त्यामुळे तुलना काटेकोर नाही, पण सहा महिन्यांना ५,२०० मिलिग्रॅम कुठे आणि २८४ कुठे!

पैशाच्या बाजूनेही ही वाट खडतर होती. मर्क कंपनीने २००६ साली या क्षेत्रातली सर्ना नावाची कंपनी सुमारे १.१ अब्ज डॉलर्सना घेतली, आणि २०१४ साली ते सगळे काम अल्नायलम कंपनीला सुमारे १७.५ कोटी डॉलर्सना देऊन टाकले. त्यानंतर चारच वर्षांनी, २०१८ च्या ऑगस्टमध्ये, अल्नायलमच्याच पॅटिसिरान या औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली. पेशीची स्वतःची कात्री वापरणारे ते पहिले औषध. शेअर बाजारात मन लावणाऱ्या आपल्या वाचकांनी यातून काय धडा घ्यायचा तो घ्यावा. मी एवढेच म्हणेन की विज्ञान खरे असणे आणि गुंतवणूक वेळेवर फळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कोलेस्टेरॉलशी संबंध कसा आला?

यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडणारे ग्राहक असतात. हे शोधून काढल्याबद्दल डॅलसच्या मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल मिळाले. हा ग्राहक विहिरीच्या पोहऱ्यासारखा काम करतो. रक्तातून एलडीएल भरून आत नेतो, रिकामा होतो, पुन्हा बाहेर येतो. पीसीएसके-९ नावाचे एक प्रथिन या पोहऱ्याला चिकटते आणि मग तो परत न येता पेशीच्या आतच नष्ट होतो. पोहरे कमी झाले की रक्तात एलडीएल साचते.

२००३ साली फ्रान्समधील काही कुटुंबांत या जनुकाचा अतिकामसू प्रकार आढळला. त्या लोकांचे कोलेस्टेरॉल फार वाढलेले होते. मग डॅलसच्या हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन यांनी उलटा प्रश्न विचारला: हे जनुक ज्यांच्यात अर्धवट बंद आहे असे लोक आहेत का? तसे लोक सापडले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, कृष्णवर्णीय अमेरिकनांपैकी २.६ टक्के लोकांत या जनुकाची एक प्रत निकामी होती. त्यांचे एलडीएल इतरांपेक्षा २८ टक्के कमी होते आणि हृदयरोगाचे प्रमाण तब्बल ८८ टक्के कमी होते. जन्मापासून एलडीएल थोडे कमी राहिले तर किती फायदा होतो, याचा पुरावा निसर्गानेच देऊन ठेवला होता.

इन्क्लिसिरान (विक्रीचे नाव लेक्विओ) हे औषध याच जनुकाची नक्कल यकृतात फाडते. युरोपात २०२० च्या डिसेंबरमध्ये आणि अमेरिकेत २०२१ च्या डिसेंबरमध्ये ते मंजूर झाले. पहिले इंजेक्शन, तीन महिन्यांनी दुसरे, आणि मग दर सहा महिन्यांनी एक. स्टॅटिन चालू असलेल्या रुग्णांवरच्या मोठ्या चाचण्यांत एलडीएल आणखी सुमारे निम्म्याने उतरले. गंमत म्हणजे औषध रक्तातून दोन दिवसांत नाहीसे होते. पण यकृताच्या पेशींत त्याचा साठा राहतो, तो हळूहळू झिरपतो, आणि एकच पट्टी एकामागून एक अनेक नकला फाडत राहते.

वडिलांची शंका

माझे वडील ७२ वर्षांचे आहेत. वीज मंडळातून निवृत्त झाले आणि आता आमच्याकडे न्यू जर्सीत असतात. त्यांना स्टेंट बसवलेला आहे. स्टॅटिनची पूर्ण मात्रा आणि इझेटिमाइब घेऊनही त्यांचे एलडीएल ९६ होते, आणि डॉक्टरांना ते ७० च्या खाली हवे होते. या इंजेक्शनचा विषय निघाला तेव्हा नाशिकहून काकांचा फोन आला: "दादा, जीनला हात लावू देऊ नकोस." झाले, वडील अडून बसले.

मी त्यांना वरचे सगळे कागदावर काढून दाखवले. त्यांनी चष्मा पुसला, दोनदा वाचले आणि विचारले, "म्हणजे मेन स्विचला हात नाही, एकाच खोलीचा फ्यूज काढायचा?"

"तसेच. आणि सहा महिन्यांनी पुन्हा काढला नाही, तर दिवा हळूहळू परत लागतो."

"मग शॉक बसला तर तो फ्यूज लगेच परत घालता येईल का?"

हा प्रश्न फार मोलाचा होता, आणि त्याचे प्रामाणिक उत्तर "नाही" असे आहे. गोळी आज सोसली नाही तर उद्या बंद करता येते. हे औषध एकदा टोचले की काढून घेता येत नाही, परिणाम काही महिने राहतो. चाचण्यांत मुख्य त्रास टोचलेल्या जागी लाली आणि दुखणे एवढाच दिसला. तरीही हा फरक प्रत्येकाने समजून घेतलाच पाहिजे. वडिलांनी तो समजून घेतला, डॉक्टरांना आणखी दोन प्रश्न विचारले आणि मग होकार दिला. स्टॅटिनची गोळी ते आजही रात्री न चुकता घेतात.

तीन सावधगिरीच्या गोष्टी

१. स्टॅटिन आपल्या मनाने बंद करू नका. स्टॅटिनने हृदयविकाराचे झटके कमी होतात याचा पुरावा अनेक दशकांचा आहे आणि त्याच्या जेनेरिक गोळ्या स्वस्त आहेत. शिवाय स्टॅटिनमुळे यकृत पीसीएसके-९ अधिक बनवू लागते. हे इंजेक्शन तीच वाढ रोखते, म्हणून दोन्ही एकमेकांना पूरक आहेत.

२. २०२१ साली अमेरिकेत मंजुरी मिळाली ती एलडीएल उतरते या पुराव्यावर. झटके आणि मृत्यू किती टळतात हे पाहणाऱ्या मोठ्या चाचण्या वेगळ्या हाती घेतल्या गेल्या. त्यांत काय दिसले, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा.

३. याच पद्धतीचे प्रत्येक औषध सुरक्षित असते असे नाही. २०१६ साली रेव्हुसिरान या हृदयाच्या एका दुर्मिळ आजारावरच्या औषधाची चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्या गटात मृत्यू जास्त आढळले. त्यातली रासायनिक रचना जुन्या पिढीची होती आणि मात्राही बरीच मोठी लागत असे. पद्धत एक असली तरी हिशेब प्रत्येक औषधाचा वेगळा मांडावा.

आता खर्चाचे बोलू

अमेरिकेत हे औषध बाजारात आले तेव्हा त्याची जाहीर किंमत एका डोसला ३,२५० डॉलर्स होती. पहिल्या वर्षी तीन डोस, म्हणजे ९,७५० डॉलर्स, आणि पुढे दरसाल ६,५००. इतके पैसे सहसा कोणी खिशातून देत नाही, पण आपल्या वाट्याला काय येते हे सुई टोचण्यापूर्वी समजायला हवे.

मेडिकेअर: हे इंजेक्शन दवाखान्यात टोचले जाते, म्हणून ते सहसा पार्ट बी मध्ये येते, औषधांच्या पार्ट डी मध्ये नाही. पार्ट बी मध्ये वार्षिक डिडक्टिबलनंतर २० टक्के वाटा आपला. वरच्या किमतीने तो डोसला ६५० डॉलर्स होतो. पूरक मेडिगॅप विमा असेल तर हा वाटा बहुधा तो भरतो. पार्ट डी मध्ये २०२५ पासून वर्षाच्या खर्चाला जी कमाल मर्यादा आली, ती पार्ट बी च्या औषधांना लागू नाही, आणि नेमका इथेच पुष्कळांचा घोटाळा होतो. मेडिकेअर ॲडव्हान्टेज योजना असेल तर तिचे नियम आणि मर्यादा वेगळ्या.

नोकरीचा विमा: बहुतेक कंपन्या पूर्वपरवानगी मागतात. स्टॅटिन किती मात्रेत घेतले, किती महिने घेतले, इझेटिमाइब वापरून पाहिले का, याच्या नोंदी द्याव्या लागतात. रक्ततपासणीचे जुने अहवाल फेकू नका. औषध कंपनीची सवलत योजना खासगी विम्याला चालते, मेडिकेअरवाल्यांना चालत नाही.

जागा: तेच इंजेक्शन रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात घेतले तर जागेचे वेगळे बिल लागू शकते, डॉक्टरांच्या स्वतंत्र दवाखान्यात ते सहसा लागत नाही. माझ्या एका मित्राच्या आईच्या बाबतीत नुसत्या जागा बदलण्याने बिलातली मोठी रक्कम गळाली.

भारतातून येणारे आईवडील: प्रवासी विम्यात जुन्या दुखण्यांचे चालू उपचार साधारणपणे धरत नाहीत. त्यामुळे असे उपचार भारतातल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने तिकडेच सुरू ठेवणे शहाणपणाचे. ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षे राहिलेल्या ६५ वर्षांवरील पालकांना हप्ता भरून मेडिकेअर घेता येते, तिची मुदत चुकवू नका.

आपल्यासाठी एक जादा तपासणी

अमेरिकेतील हृदयरोग संस्थांच्या २०१८ सालच्या मार्गदर्शक सूचनांत दक्षिण आशियाई वंश हाच जोखीम वाढवणारा घटक म्हणून नोंदलेला आहे. म्हणजे आपले आकडे 'नॉर्मलच्या काठावर' असले तरी डॉक्टरांशी बोलायला हवे. त्याबरोबर लायपोप्रोटीन-ए ही तपासणी निदान एकदा करून घ्या. जगात साधारण पाचांपैकी एकाचे हे प्रमाण वाढलेले असते. ते मुख्यतः आनुवंशिक असते आणि पथ्याने किंवा स्टॅटिनने उतरत नाही. नेहमीच्या लिपिड तपासणीत ते येत नाही, मुद्दाम सांगावे लागते. त्याच्या जनुकाला गप्प करणाऱ्या औषधांवरही मोठे काम झाले आहे. ओल्पासिरान या औषधाने २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मोठ्या मात्रांमध्ये, हे प्रमाण ९५ टक्क्यांहून अधिक उतरवले. आपला आकडा आज माहीत असेल, तर असे औषध हाताशी येईल तेव्हा ते आपल्यासाठी आहे की नाही, हे लगेच ठरवता येईल.

डॉक्टरांकडे जाताना हे पाच प्रश्न लिहून न्या

१. माझे एलडीएल आता किती आहे आणि ते किती असायला हवे?
२. स्टॅटिन आणि इझेटिमाइब पूर्ण मात्रेत वापरून झाले आहे का?
३. माझे लायपोप्रोटीन-ए कधी तपासले आहे का?
४. हे इंजेक्शन विम्याच्या कोणत्या भागात येईल, कुठे टोचले जाईल, आणि माझा वाटा किती?
५. त्रास झाला तर परिणाम किती महिने राहील, आणि तोवर काय करायचे?

मंडळी, हा लेख माहितीसाठी आहे, औषधाची चिठ्ठी नव्हे. औषध सुरू किंवा बंद करण्याचा निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा. मात्र वर्षभराची तपासणी लांबणीवर पडली असेल, तर त्यासाठी कोणाच्या सल्ल्याची गरज नाही. सोमवारी सकाळी फोन करून वेळ ठरवून टाका.